डोंगराच्या दुसऱ्या दिवशी

१२ जानेवारी

वन्सं,

त्या सोमवारी सकाळी मी सगळ्यात आधी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडले. ती कुरकुरायची. मग नळाखालच्या बादलीत फडकं टाकलं आणि धार बारीक सोडली, म्हणजे पाण्याचा आवाज होत नाही. दूधवाल्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, बेल वाजवू नको, पिशवी कडीला अडकव. फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला टॉवेलाच्या घडीवर ठेवला. रात्रीची भांडी घासलीच नाहीत. लायब्ररीच्या चार पुस्तकांची बांधणी व्हायची होती. त्यातल्या दोन पुस्तकांची पाठ ठोकायची होती, पण त्याला हातोडी लागते, म्हणून ती ठेवून दिली आणि नुसती शिलाई घेतली. सुई-दोऱ्याला आवाज नसतो.

मागच्या दोरीवर ह्यांची टोपी वाळत होती. धुतलेली. तीस वर्षांत ह्यांनी आपणहून रुमाल धुतल्याचं मला आठवत नाही. मी मनातल्या मनात हसले आणि टोपी काढून घडी करून ठेवली.

रविवारच्या डोंगराच्या दुसऱ्या दिवशी, ह्यांना आपणहून जाग येईपर्यंत, हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्यावरून माझी चेष्टाही केली आहे, की वहिनीच्या घरात सोमवारी मांजरसुद्धा चपला काढून येतं. कायदा मीच केला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपावर ह्यांनी नोकरी केली, त्या सगळ्या वर्षांत ह्यांना कधी पुरती झोप मिळाली नाही. पंप बंद पडला की फोन. निवृत्त झाल्यावरही नवीन माणसं विचारायला फोन करायचीच. म्हणून मी ठरवलं होतं, निदान डोंगर चढून आलेल्या दिवसाची झोप ह्यांची कुणी मोडायची नाही.

आठच्या सुमाराला दार जरासं ढकलून बघितलं. घोरत होते. रोजच्यापेक्षा मोठ्याने, काहीतरी खालून ओढत आणल्यासारखं. मला बरं वाटलं. म्हटलं, दमलेत, चांगली झोप लागली आहे. दार पुन्हा ओढून घेतलं. पावणेअकराला चहा घेऊन गेले तेव्हा हात अजून कोमट होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आज दोन महिने झाले. फोनवर मी रडते आणि तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहायला घेतलं.

दुसरंही एक कारण आहे. काल ह्यांच्या डोंगरमंडळाच्या एक बाई आल्या होत्या. पूर्वी इस्पितळात अपघाताच्या विभागात नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. डोंगरात कुणाला लागलं तर काय करायचं, त्या प्रथमोपचाराचा वर्ग त्या घेणार आहेत, एक रविवार सोडून एक. यादी त्यांच्या हातात होती. त्यात ह्यांच्या अक्षरात दोन नावं होती, एक स्वतःचं आणि खाली माझं. मला न विचारता. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "गाठी चांगल्या मारते."

सिस्टर म्हणाल्या, तुमचं नाव खोडू का? मी म्हटलं, राहू द्या.

तुमची
वहिनी


२० जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

अगं, कशाला पुन्हा पुन्हा ती सकाळ काढत बसतेस? डॉक्टर म्हणाले ना, झोपेत हृदय थांबलं. सुखाने गेला दादा. असं जाणं किती जणांना मिळतं? स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणात, आणि शेजारच्या खोलीत तू. एवढंच धरून ठेव.

आणि त्या वर्गाचं मनावर घेऊ नकोस. यादीत नाव दादाने गमतीत घातलं असणार, त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. तुझे गुडघे दुखतात, थंडीत बाहेर बसून काय शिकायचं आहे? रक्त, मोडलेली हाडं, हे बघून तुला आणखीनच त्रास होईल. मन रमवायचंच असेल तर इकडे ये. भाची तुझी वाट बघते. औषधांच्या दुकानात आता तिला कायम केलं आहे, त्यामुळे रोज आम्हाला कुठली गोळी कशावर ते ऐकवते.

सहज विचारते, रिसीव्हर किती वाजता काढून ठेवला होतास? काही नाही, तुझ्या पत्रात वाचलं म्हणून.

जपून राहा. वर्गाचं खरंच राहू दे.

तुझी
वन्सं


३ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "वन्सं म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं" असं बजावलं आणि ते माझ्या जिभेवरून आजतागायत उतरलं नाही. तेव्हा आदराने सांगते, तुमचं ऐकणार नाही. कालचा धरून वर्गाला दोनदा जाऊन आले.

गुडघ्यांचं म्हणाल तर गुडघे आनंदात आहेत, कारण मला सारखं झोपवूनच ठेवतात. वर्गात आम्ही अकरा जण. सगळ्यात वयस्कर मी, म्हणून पेशंट मीच. मंडळाच्या आवारात उतरत्या गवतावर मी पडायचं आणि बाकीच्यांनी मला वाचवायचं. काल पोस्टमनने माझ्या पायाला काठ्या लावून इतका आवळून बांधला की सिस्टर म्हणाल्या, बाईंचा पाय मोडला नव्हता, आता मोडेल. बेकरीवाला हा धिप्पाड माणूस, पण सिस्टरनी हातावर लाल रंग ओतून दाखवला तर तोच आडवा झाला. मग मी उठले आणि आम्ही त्याला वाचवलं. डोळे मिटून पडले होते तर पोस्टमन विचारतो, मावशी, गेलात का? मी म्हटलं, जाते कुठे, चहा यायचा आहे.

हे लिहिताना लक्षात आलं की मी हसले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

पट्ट्या बांधायचं मला लगेच जमलं. पुस्तकाच्या पानांचे जुडगे शिवणाऱ्या हाताला त्यात नवीन काही नाही. फार सैल नाही, फार घट्ट नाही, आणि गाठ जिथे टोचणार नाही तिथे. सिस्टरनी माझी गाठ सगळ्यांना दाखवली. मला ह्यांना सांगावंसं वाटलं.

चष्मेवाले पण वर्गाला येतात. ह्यांचे डोंगरातले सोबती, ज्यांच्या दुकानातून माझा वाचायचा चष्मा केला ते. नजरेला नजर देत नाहीत. मी दुसऱ्या टोकाला बसले की ते निवांत बसतात. बाईमाणसाचं दुःख बघायला पुरुष घाबरतात, असं मी धरून चालले आहे.

रिसीव्हर मी साडेसहाला काढला होता. नेहमीच साडेसहाला काढते. तुम्हाला हे का हवं ते कळलं नाही.

आता माझं एक काम. रविवारी संध्याकाळी मी शिवलेली पुस्तकं लायब्ररीत पोचवायला जायची आणि तेवढ्या वेळात हे तुम्हाला फोन करायचे, इतकी वर्षं. त्या रविवारीही केला असेल. माझ्याशी त्या दिवशी फार बोललेच नाहीत. जेवण नको म्हणाले, लवकर आडवे झाले. तेव्हा शेवटचं नीट बोलणं तुमच्याशीच झालं असणार. काय बोलले ते सगळं लिहा. क्षुल्लक असलं तरी लिहा. मला ते पाहिजे आहे.

तुमची
वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

इकडे शाळेत परीक्षांची कामं सुरू झाली आहेत, ऑफिसात मान वर करायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

दादाचा फोन आला होता. विशेष काही नाही. थंडी पडली आहे म्हणाला. बुटांचे तळ झिजलेत, नवे घ्यायला हवेत म्हणाला. तुझ्याबद्दल म्हणाला की ती लायब्ररीत गेली आहे. एवढंच. खरंच एवढंच.

तुला आणखी काही देता आलं असतं तर दिलं असतं.

वर्गात पुढे काय शिकवणार आहेत? सगळे दिवस जायलाच हवेत का?

तुझी
वन्सं


३ मार्च

वन्सं,

कालचा धडा डोक्याला मार लागल्याचा होता.

मी नेहमीसारखी गवतावर पडले होते. सिस्टर माझ्या उशाशी बसून बाकीच्यांना सांगत होत्या. म्हणाल्या, डोक्याला लागलेला माणूस उठून बसतो, हसतो, चालत घरी जातो, आणि सगळ्यांना वाटतं, झालं. आत रक्त साचत असेल तर ते तासांनी कळतं. उलटी होते. डोकं दुखतं, गुंगी येते, माणूस गप्प होतो. असं काही दिसलं तर इस्पितळ गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. त्याला एकट्याला सोडायचं नाही. झोपला तरी थोड्या थोड्या वेळाने हाक मारून उठवायचं, नाव विचारायचं, वार विचारायचा. कुणीतरी विचारलं, झोपला आणि उठलाच नाही तर कळणार कसं? सिस्टर म्हणाल्या, हाकेला ओ देणार नाही. श्वास बदलेल. घोरल्यासारखा आवाज येईल, जड, ओढल्यासारखा. घरच्यांना वाटतं गाढ झोपलाय.

आणि त्यांनी तो आवाज काढून दाखवला.

वन्सं, मी पेशंट होते, डोळे मिटलेले होते. मी तो आवाज ओळखला.

मी उठून बसले. सिस्टर थांबल्या. माझं लक्ष चष्मेवाल्यांकडे गेलं तर ते दोन्ही हातांत तोंड धरून बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, ते पडले होते का?

ते म्हणाले, "वहिनी, त्यांनी मला शपथ घातली होती."

उतरताना ओढ्याजवळ ह्यांचा पाय घसरला. मागे पडले, डोकं दगडावर आपटलं. थोडं रक्त आलं, केसांत. ओढ्यावर धुतलं, टोपी घातली, चष्मेवाल्यांना म्हणाले, घरी कळलं तर माझा डोंगर कायमचा बंद होईल. बसमध्ये एकदा उलटी झाली. बस लागली म्हणाले. चष्मेवाले बोलता बोलता रडायला लागले, आणि मला त्यांचं काही वाटलं नाही. मी टोपीचा विचार करत होते. टोपी आपणहून धुतलेली बघून मी हसले होते.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, काही तक्रार होती का? मी सांगितलं, काही नाही, डोंगर चढून आले होते, दमले होते. त्यांनी हृदय लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

आठ वाजता मी दारात उभी होते. तीन पावलांवर. हाक मारायची नाही हा कायदा. बिजागरीला तेल घातलं, बादलीत फडकं टाकलं, आणि तो माणूस आत संपत असताना मी बाहेर आवाज होऊ नये म्हणून जपत होते. चष्मेवाले त्यांच्या घरी होते. तुम्ही शेकडो मैलांवर, तुम्हाला काहीच ठाऊक नाही. घरात मी होते. मी एकटी. एक हाक मारली असती तर कळलं असतं.

तुम्ही लिहिलंत, सुखाने गेले, शेजारच्या खोलीत तू होतीस. होते ना. तेच तर.

वर्गाला आता जाणार नाही. तुमचंच बरोबर होतं.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

चार दिवस हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

तू एकटी नव्हतीस. मला माहीत होतं.

त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता दादाचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं. पडलो, डोकं आपटलं, बसमध्ये उलटी झाली, आता नुसतं ठणकतंय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. म्हणाला, उद्या सकाळी जातो, आधी झोपतो. वहिनीला सांगू नकोस, ती घाबरेल आणि माझे बूट कुणाला तरी देऊन टाकेल. आणि मी हो म्हटलं. लहानपणापासून त्याची गुपितं राखायची सवय. काच फोडली त्याने की आईला मी सांगायची, वाऱ्याने फुटली. तसंच हो म्हटलं.

तू लायब्ररीतून परत आल्यावर तुला फोन करायला हवा होता. केला नाही. सकाळी करावा असं मनात आलं होतं. तोही केला नाही. शाळेत तपासणी होती, घाई होती, गेले निघून. लावलाच नाही फोन. बस.

तू मागितलेलं शेवटचं बोलणं हे होतं. ते मी तुझ्यापासून लपवलं आणि वर बुटांच्या तळाच्या गोष्टी लिहिल्या. वर्गाला जाऊ नकोस म्हणत होते तेही तुझ्या गुडघ्यांसाठी नव्हतं.

तुला काहीच माहीत नव्हतं, तेव्हा तुझा दोष नाही. मला माहीत होतं. राग धरायचा तर माझ्यावर धर.

वन्सं


१५ मार्च

तुमचं पत्र मिळालं.

सकाळचा एक फोन केला असतात तर मी त्यांना उठवलं असतं. तपासणी होती म्हणून केला नाहीत.

मला पुन्हा पत्र लिहू नका.


२० मे

मामी,

आईने मला तुला लिहायला बंदी केली आहे, म्हणून दुकानातून लिहिते.

आई खूप खराब झाली आहे गं. जेवते म्हणायचं एवढंच. तुझं मार्चमधलं चार ओळींचं पत्र तिच्या पर्समध्ये असतं. मी म्हटलं, आपण मामीकडे जाऊन येऊ. म्हणाली, तिचा राग माझ्यावर आहे तोपर्यंत ती बरी आहे, तू मध्ये पडू नकोस. मला काही कळेना. शेवटी परवा मी तिच्या मागेच लागले, तेव्हा तिने मला दाखवलं, तुला काय लिहिलं होतं ते. फाडलेल्यातला एक कागद राहिला होता.

मामी, त्यात लिहिलेलं खरं नाही. आईने त्या सोमवारी फोन केला होता. मी घरात होते, मी बघितलं आहे. पावणेसातपासून ती फोनला चिकटून होती. पाच वेळा लावला. दर वेळी तुमचा फोन एंगेज. साडेसातला पाचव्यांदा ठेवला आणि म्हणाली, दादा उठलाय वाटतं, कुणाशी तरी गप्पा मारतोय, म्हणजे बरा आहे. केवढी हलकी झाली होती. डबा विसरून हसत शाळेत गेली.

जानेवारीत तुझं पत्र आलं, रिसीव्हर टॉवेलावर ठेवल्याचं. ते वाचून ती स्वयंपाकघरात खालीच बसली. मला इतकंच म्हणाली, "फोनचं मामीला कधी कळता कामा नये. ती जगायची नाही."

तुला कळवून मी चूक केली का बरोबर, ते मला माहीत नाही. पण मला आई पण हवी आहे आणि मामी पण.

तुझी भाची


२६ मे

वन्सं,

पोरीला रागावू नका. तिने मला लिहिलं.

लहानपणी वाऱ्याने फुटलेली काच सासूबाईंना कधी पटली नव्हती, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्या लेकीला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. पण पत्रात कान दिसत नाहीत. मला पटलं; रिसीव्हर काढलेला होता, फोन लागलाच नसता, हे मी स्वतःला आठवू दिलं नाही. अडीच महिने मी तुमचा राग केला. सकाळी उठून दात घासता घासता सुरू करायची ते दिवा मालवेपर्यंत. पुस्तकांच्या पाठी ठोकायच्या असल्या की तुम्हाला आठवून ठोकायची. मला त्याने बरं वाटत होतं, हे कबूल करते. तुमचं औषध लागू पडलं होतं.

पावणेसात ते साडेसात. पाच वेळा. फोन माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. मी तिथेच बसून शिलाई करत होते. रिसीव्हरमधून तो बारीक आवाज येत होता, तोही नको म्हणून मी त्यावर टॉवेलाचं टोक घातलं होतं. हे तुम्हाला मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

हे कळल्यावर मी जगायची नाही असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं असतं. पण शनिवारी दुपारी पोरीचं पत्र वाचून झाल्यावर तासाभराने मला भूक लागली. अंडं उकडून खाल्लं. तेव्हा जगेन असं दिसतंय.

मीही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. त्या मार्चमधल्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी सिस्टरना विचारलं होतं, सकाळी कळलं असतं आणि नेलं असतं, तर वाचले असते का? त्यांनी मला धीर द्यायला काही म्हटलं नाही. म्हणाल्या, "आठला तो आवाज होता, म्हणजे सकाळपर्यंत उशीर झालेला असू शकतो. किंवा नसेलही. आदल्या संध्याकाळी नेलं असतं तर आशा जास्त होती. पण डोक्यानेच गेले का, हेही आता कुणी सांगू शकत नाही. माझ्याकडे उत्तर नाही." हे मी तुम्हाला कळवलं नाही. तेव्हा सगळा दोष मला स्वतःला हवा होता, नंतर तो तुमच्यावर घालायला हवा होता, आणि माहीत नाही हे उत्तर दोन्हीला अडचणीचं होतं.

राग सगळा गेला असं लिहिणार नाही. तुम्ही संध्याकाळी सहाला मला एक शब्द सांगायला हवा होता. तो राग आहे, आणि राहील थोडा. माझा माझ्यावर आहे. आणि खरं सांगू का, ह्यांच्यावर सगळ्यात जास्त आहे. पडले स्वतः, डोकं धुतलं, टोपी धुतली, मित्राला शपथ घातली, बहिणीचं तोंड बंद केलं, बायकोला काही नाही म्हणाले आणि झोपून गेले. आपण तिघं तेव्हापासून जागे आहोत. चष्मेवाल्यांनी दुकान सहा वाजताच बंद करायला सुरुवात केली आहे, कुणाशी बोलत नाहीत. मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून चष्म्याची काडी बदलून घेतली. मग मी तिथेच दुकानात बसले थोडा वेळ.

ह्यांच्यावर असं मोकळेपणाने रागवता येईल असं दुसरं माणूस मला नाही. जे त्यांना माझ्याइतकं ओळखायचं, ते तुम्हीच.

पोरीचं पत्र आलं तो शनिवार. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या नव्या तुकडीचा डोंगरावरचा दिवस होता. ज्यांचा वर्ग अर्धा राहिला होता त्यांनीही यावं, असा निरोप सिस्टरनी आधीच पाठवला होता आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मी सकाळी सहाला उठले, बूट घातले आणि गेले. सिस्टरनी फॉर्म हातात दिला. त्यात शेवटी एक रकाना होता, वर काही झालं तर कोणाला कळवायचं. मी तिथे तुमचं नाव लिहिलं, शाळेचा आणि घरचा दोन्ही नंबर लिहिले, नात्याच्या जागी नणंद लिहिलं, आणि बाकीच्यांच्या मागून चढायला लागले.

वहिनी